अर्धा बॉक्स

"अर्धा मी घेऊ का... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर?"

आवाज मागून आला. मी वळून पाहिलं. निळा चौकड्यांचा शर्ट, पावसाने कपाळावर चिकटलेले केस आणि खांद्यावर साखरेची पाच किलोची पिशवी.

अलिबागच्या एसटी स्टँडमागे दामजीशेठचं लांबोडकं गोडाऊन आहे. मोठ्या दुकानांत न खपलेला माल तिथे येतो. दिवाळीच्या वेष्टनातले साबण होळीला, चेपलेले डबे, मुदत तीन महिन्यांवर आलेली बिस्किटं. किंमत निम्मी, पण शेठचा नियम एकच, बॉक्स फोडून सुटं काही मिळणार नाही. आत शिरलं की चहा, साबण आणि मसाला यांचा एकत्र वास येतो. तो वास मला फार आवडतो, हसलात तरी चालेल.

वादळात आमची चौलची वाडी आडवी झाली. नव्या सुपारीला फळ धरायला वर्षं लागतात, तोवर घर माझ्या पगारावर होतं, आणि पगार वकिलांच्या ऑफिसातल्या टायपिस्टचा. नातेवाइकांनी तेव्हा तांदळाच्या गोण्या पाठवल्या, आणि गोण्यांबरोबर "बिचारी मैथिली" हा सूरही. तांदूळ संपला, सूर काही कानातून जाईना. त्यापेक्षा हे गोडाऊन बरं होतं. इथे कुणी कुणाची कीव करत नाही, सगळेच चष्मा वर करून तारखा वाचत उभे असतात.

त्या दिवशी मला नानांसाठी, माझ्या वडिलांसाठी, बिनसाखरेची बिस्किटं हवी होती. बॉक्स दोन महिने पुरला असता, पण एकदम तेवढे पैसे काढणं जमत नव्हतं. आणि नेमका हा मागे येऊन उभा.

"तुमच्याकडे कुणाला शुगर आहे?" मी विचारलं.

तो जरासा थबकला. "आईला."

"मग ही पाच किलो साखर?"

"पाहुणे फार येतात हो आमच्याकडे," तो पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला.

शेठने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, "बे घर, एक बॉक्स... चालशे," म्हणाला आणि कटरने पट्टी कापली.

त्याचं नाव निकेत. राहायला थळला, स्वतःचा टेम्पो चालवायचा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी गेले, तर तो आधीच चहाच्या पुड्यांपाशी रेंगाळत होता. मग ते ठरूनच गेलं. तेल, साबण, शेवया, जे मला अख्खं परवडत नव्हतं ते आम्ही निम्मं-निम्मं घेऊ लागलो. वाटणी करताना तो कधी एखादी पुडी माझ्या पिशवीत जास्त सारायचा, मी ती मोजून परत काढायची आणि त्याच्यापुढे धरायची. तो हात वर करून शरण यायचा. फोन नंबर मात्र कुणीच मागितला नाही. मला लाज वाटत होती, त्याला बहुधा भीती.

घरी नाना चहात बिस्कीट बुडवत म्हणायचे, "हल्ली शनिवारी तुझा ड्रेस बरा इस्त्रीचा असतो." मी म्हणायची, चहा थंड होतोय.

आणि मग एका शनिवारी तो आलाच नाही.

मी तासभर पापडांच्या बॉक्सवर बसून राहिले. पाऊस पत्र्यावर वाजत होता. प्रत्येक टेम्पोच्या आवाजाला मी मान वर करत होते, हे शेठनेसुद्धा पाहिलं. शेवटी नव्या चपलांसाठी ठेवलेले पैसे काढले आणि बिस्किटांचे दोन्ही वाटे घेतले. त्याच्या आईची बिस्किटं संपली असतील, शुगरच्या माणसाचे हाल नकोत, असं स्वतःलाच बजावत मी मिनीडोअर रिक्षात बसून थळला निघाले.

घर सापडायला वेळ लागला नाही. त्याची आई, ठमाबाई, पडवीत बसून बशीतून चहा पीत होत्या. मी निकेतचं विचारलं. "तापानं फनफनलाय दोन दिस," त्या म्हणाल्या, मला बसवलं आणि माझ्यासाठी चहा ओतता ओतता स्वतःच्या कपात आणखी दोन चमचे साखर घातली.

"मावशी, तुम्हाला शुगर आहे ना?"

"मना? मना काय धार भरलीय?" मग माझ्या हातातल्या पुड्यांकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगो बाय, तू पन तीच बिस्किटं आनलीस? घर भरलंय त्यानी. आता तर कोंबऱ्या पन खात न्हाईत."

अंगणात खरंच भिजलेला चुरा पडला होता, आणि कोंबड्या त्याला वळसा घालून चालल्या होत्या.

माझे कान तापले. इतके महिने मला वाटत होतं, इथे तरी आम्ही बरोबरीचे आहोत. आणि हा मात्र नको असलेल्या बिस्किटांवर पैसे उधळून मला मदत करत होता. म्हणजे पुन्हा तेच, बिचारी मैथिली. एवढ्यात तो चादर गुंडाळून दारात आला आणि मला पाहून तिथेच थांबला.

"कीव करायला मीच सापडले तुम्हाला?" मी विचारलं.

"कीव असती, तर अख्खा बॉक्स घेऊन तुमच्या हातात ठेवला असता."

"मग काय होतं?"

त्याने चौकटीला टेकून श्वास घेतला. "अख्खा बॉक्स घेतला असतात, तर तुम्ही दोन महिने आला नसतात. अर्धा घेतला की... पुढच्या महिन्यात यावंच लागतं."

ठमाबाई बशी हातात तशीच धरून बसल्या होत्या. पुड्या पडवीत ठेवून मी निघून आले, चहा न पिताच. रस्ताभर मला रागवायचं होतं आणि राग काही केल्या येत नव्हता.

घरी आल्यावर मी नानांना सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट. ते पोट धरून हसले, मग डोळे पुसत बराच वेळ उघड्या वाडीकडे बघत राहिले. "पोरी, त्या वादळाला मी रोज शिव्या देतो," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा वाटतंय, थोड्या कमी द्यायला हव्यात. हिशेबात कच्चा आहे मुलगा, पण मनाचा पक्का दिसतो."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो आला होता. तापाने गालफडं बसलेली, नजर जमिनीवर. शेठने सवयीने बॉक्स समोर ओढला आणि कटर काढला.

"शेठ, फोडू नका," मी म्हणाले. "अख्खा द्या."

चपला पुन्हा लांबणीवर पडल्या होत्या, पण पैसे पूर्ण होते. निकेतचा चेहरा उतरला. दोन महिन्यांचा हिशेब त्याला माझ्याइतकाच पाठ होता. त्याने बॉक्स उचलून माझ्यापुढे धरला.

"बिस्किटं दोन महिने पुरतील," मी म्हणाले. "तुम्ही मात्र उद्याच यायचंय. चौलला, आमच्या घरी. नानांनी बोलावलंय... आणि मीही."

त्याने मान वर केली. इतके महिने एकमेकांसमोर उभे राहून आम्ही फक्त पुड्या मोजल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि मी नजर वळवली नाही. त्या चेपलेल्या डब्यांचे, शेठच्या आडमुठ्या नियमाचे, अगदी त्या कोंबड्यांचेसुद्धा मला आभार मानावेसे वाटले.

"आईला आणू?" त्याने विचारलं.

"आणा की. चहात साखर त्या स्वतःच्या हाताने घालू देत."