तांबड्या भाजीचं माप

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची गोष्ट. डिचोलीच्या एका दवाखान्यात गौरवी रक्त तपासायची. एका गुरुवारी पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवरचा रुद्रेश अंगावरची तांबडी धूळ झाडत, आईला घेऊन सरळ प्रयोगशाळेतच घुसला.

"बाहेर झाडा हो! नळीत माती जाईल."

"जाऊ दे की... आईच्या रक्तात लोह कमीच आहे."

मेलं हसूच आलं तिला! तिथंच घसरली पोरगी.

आईच्या हृदयाची झडप बदललेली. रक्त गोठू नये म्हणून गोळी चालू. दर गुरुवारी गौरवी कोमट पाण्यातली नळी कलती करून घड्याळाकडे बघायची आणि रुद्रेश तिच्याकडे. पण गोळी घेऊनही रक्त लवकरच गोठायचं.

"असं का?" त्यानं विचारलं.

"गोठवणारी प्रथिनं यकृतात बनतात. पण शेवटी त्यांना एक रासायनिक जोड लागतो, तो पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वामुळे बसतो. गोळी तोच जोड अडवते. जोड नसला की प्रथिन म्हणजे धार नसलेली कोयती. पालेभाजी फार झाली की गोळी कमी पडते. तशी होते का?"

"शेजारची देवकी रोज तांबडी भाजी आणून देते गो," आई कौतुकानं म्हणाली. "गुणी पोर! तिच्या घरच्यांनी रुद्रेशसाठी विचारलंय."

गौरवीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भाजी सोडू नका, रोज एकाच मापानं खा; गोळीचं माप तिच्या मानानं वाढवतो. आणि ही बया बाहेर येऊन काय म्हणाली?

"भाजी बंद! एक पानसुद्धा नको."

पुढच्या गुरुवारी आईच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. नळीतलं रक्त काही केल्या गोठेना. गौरवीनं धावत जाऊन डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं आणि सणसणीत बोलणी खाल्ली. त्यांनी लगेच उपचार सुरू केले. मग ती व्हरांड्यात रुद्रेशसमोर उभी राहिली.

"डॉक्टरांनी बंद सांगितलं नव्हतं. मी... मी माझ्या मनचं सांगितलं."

"का?"

"देवकीची भाजी होती म्हणून! जळले मी. अजून जळतेय."

त्याचा चेहरा कठीण झाला. "माझ्या आईच्या जिवाशी खेळ?"

"हो. नोकरी गेली तरी चालेल, पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको होतं." ती रडू लागली.

त्यानं दारातून आत निजलेल्या आईकडे बघितलं, मग तिच्याकडे वळला.

"खरं तुम्हीच येऊन सांगितलंत, म्हणून म्हणतो, रविवारी घरी या. आधी आईची माफी मागा," तो म्हणाला. "आणि देवकीच्या घरी मी आजच नकार कळवतो... गेले पंधरा दिवस धीर होत नव्हता."