सतरा नंबरचं झाड

“अरे, मान मोडेल तुझी!” ताई ओरडली, पण प्रश्नोबा कसला ऐकतोय! तो मागे मागे वाकत गेला आणि पाचोळ्यात धपकन बसला. तरी झाडाचा शेंडा काही दिसेना.

जंगलातलं सगळ्यांत उंच झाड ते! त्याच्यासाठीच तर ताई, तिचा धाकटा भाऊ प्रश्नोबा आणि मावसबहीण झिपरी यांनी मामाच्या मागे भुणभुण लावली होती आणि चार दिवस जंगलातल्या विश्रामगृहात राहायला मिळवलं होतं. मामा मात्र आल्यापासून खोलीत घोरत होता.

“ताई, या झाडाच्या पाटीवर सतरा का?”

“झाले याचे प्रश्न सुरू! झाडाचा नंबर असतो तो.”

“पण जेवणघरातल्या फोटोत याच झाडावर चार आहे. दूध पिताना नीट बघितलंय मी!”

झिपरीने पाटीला बोट लावलं. बोट पांढरं झालं. रंग अजून पुरता वाळला नव्हता!

इतक्यात चार लाकूडतोडे यंत्रकरवत घेऊन आले. पुढे त्यांचा मुकादम, हातात कागद.

“बाजूला व्हा पोरांनो! हे वाळलेलं झाड आज पाडायचंय.”

“वाळलेलं?” झिपरी किंचाळली. “अहो काका, वर बघा तरी! हिरवंगार आहे!”

मुकादमाने वर पाहिलंसुद्धा नाही. “कागदावर सतरा, झाडावर सतरा. वनरक्षक बाईंनी स्वतः लिहून दिलंय.”

त्या वनरक्षक मावशी दूरच्या चौकीवर गेल्या होत्या, येणार संध्याकाळी. शेकडो वर्षांचं झाड तासाभरात आडवं होणार होतं!

“झिपरे, पळ! पाट्या कोणी रंगवल्या ते शोध,” ती कुजबुजली आणि मुकादमाकडे वळून साखरेसारख्या आवाजात म्हणाली, “काका, झाडाचा घेर कसा मोजतात हो? आम्हाला शाळेच्या वहीत लिहायचंय.”

मुकादमाला शिकवायची भारी हौस! “छातीच्या उंचीवर टेप धरायची आणि गोल फिरायचं. या झाडाचा घेर कागदावर आहेच. दीड मीटर.”

“दाखवा ना मोजून! एकदाच!”

टेपचं एक टोक प्रश्नोबाच्या हातात देऊन मुकादम निघाला. दोन मीटर झाले. तीन झाले. पाच मीटरची अख्खी टेप संपली, तरी मुकादम झाडाच्या पलीकडेच!

“काका, दीड मीटर झाले का?” प्रश्नोबाने अगदी साळसूदपणे विचारलं.

लाकूडतोडे खो खो हसले. मुकादम परत आला तो कागदात डोकं खुपसूनच. त्याचा चेहरा पडला होता.

तेवढ्यात झिपरी विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाला ओढतच घेऊन आली.

“पाहुण्यांना छान दिसाव्यात म्हणून काल सगळ्या पाट्या एकदम काढून रंगवल्या,” तो डोकं खाजवत म्हणाला. “मग परत टांगल्या... अंदाजाने. नंबर कोण वाचतंय, असं वाटलं!”

“मग खरं सतरा नंबरचं झाड कुठंय?” ताईने विचारलं.

सगळे शोधायला धावले. ते वाळकं झाड सापडलं विश्रामगृहाच्या मागे, मामाच्या खोलीवर झुकलेलं! त्यावर चार नंबरची पाटी ऐटीत लटकत होती.

“मामाऽऽ, बाहेर ये!” तिघंही एकदम ओरडली. मामा चादरीसकट धावत आला.

संध्याकाळी मावशी आल्या. सगळं ऐकून त्या आधी उंच झाडापाशी गेल्या आणि त्याच्या सालीवर तळहात टेकून उभ्या राहिल्या.

“वीस वर्षं सांभाळतेय मी याला,” त्या म्हणाल्या. “शाब्बास रे पोरांनो! आज तुम्ही नसता तर माझं झाड गेलं असतं!”

मग त्यांनी व्यवस्थापक आणि मुकादम यांची अशी खरडपट्टी काढली, की मामासुद्धा विनाकारण सावरून उभा राहिला.

“आता सगळ्या पाट्या उतरवायच्या आणि यादी बघून पुन्हा लावायच्या,” मावशींनी फर्मावलं.

“किती आहेत?” प्रश्नोबाने विचारलं.

“दोनशे बारा. आणि पाट्या ही तिघं लावतील!” मावशींनी यादी ताईच्या हातात दिली. “मोठ्या माणसांनी फक्त शिडी धरायची!”

मुकादमाने मुकाट्याने शिडी खांद्यावर घेतली.