पॉलिशच्या खोलीतला डक्ट

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर तिच्यात स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

माझं नाव ॲश्टन. अंधेरी पूर्वेला मरोळ गावठाणात राहतो. धंदा डक्ट बसवण्याचा. म्हणजे कारखान्यातला धूर, केमिकलचा वास बाहेर फेकणारे प्लॅस्टिकचे जाडे पाइप असतात ना, ते.

तारीख सांगतो, तुम्हालाही आठवेल. १९ नोव्हेंबर २०२३, रविवार. वर्ल्ड कपची फायनल होती. दुपारचे दोन वाजलेले, लख्ख ऊन, आणि सगळं गावठाण टीव्हीसमोर बसलेलं.

मी एकटा माझ्या भावाच्या वर्कशॉपचं कुलूप उघडत होतो.

भाऊ म्हणजे अर्बन. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सुतार. हिंदू घरांसाठी देव्हारे बनवायचा, आमच्या कॅथलिक घरांसाठी अल्तार. वर्कशॉपच्या मागच्या अंगाला दहा बाय बाराची पॉलिशची खोली. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की काम वाया जातं, म्हणून पॉलिश मारताना खिडक्या घट्ट लावून घेतात. मग थिनरचा वास आत कोंडतो.

तो वास अर्बनने बावीस वर्षं छातीत घेतला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, काम सोडत नसाल तर खोलीला डक्ट लावून घ्या. आता घरातच डक्टवाला म्हटल्यावर अर्बन दुसऱ्या कोणाला कशाला बोलावेल?

"ॲश्टन, कधी लावतोस रे?"

"पुढच्या रविवारी. नक्की."

साकीनाक्यापासून मुलुंडपर्यंत लोकांच्या कारखान्यांना मी डक्ट लावत फिरलो. सख्ख्या भावाला मात्र अकरा महिने पुढचा रविवार देत राहिलो.

ऑगस्टमध्ये अर्बन गेला.

शेवटच्या दिवशी नाकात ऑक्सिजनची नळी होती. माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "हा पाइप बघ, कसा वेळेवर लावला यांनी."

थट्टाच केली त्याने. आयुष्यभर करत आला तशीच. मी अजून तिच्यातून बाहेर आलेलो नाही.

वर्कशॉप बंद पडलं नाही. अर्बनचा पॉलिशवाला चंदू काम सांभाळत होता. ऑक्टोबरात चंदूही खोकायला लागला. मी बेटीवहिनीला, अर्बनच्या बायकोला म्हटलं, आता तरी डक्ट लावू दे.

"राहू दे रे," ती म्हणाली.

आठवड्याने परत विचारलं. "नाताळ होऊन जाऊ दे."

मला वाटलं, माझ्यावर रागावलीय. हक्कच होता तिचा.

मग शुक्रवारी संध्याकाळी ती स्वतःच दारात आली. हातात वर्कशॉपच्या चाव्या. "लाव," म्हणाली. "चंदूची पोरं लहान आहेत."

मी चाव्यांना हात लावला... तर तिने त्या लगेच सोडल्या नाहीत.

तर तो रविवार.

पॉलिशच्या खोलीत शिरलो. अर्बनचा ॲप्रन अजून खिळ्याला होता. कोपऱ्यात त्याचं स्टूल. खिडक्या बंद.

आणि... कोणीतरी खोकलं.

दोन बारीक ठसके... मग एक लांबलचक... मग दमलेल्या आवाजात, "सायबा..."

मी जागच्या जागी थांबलो. अर्बन असाच खोकायचा. शेवटी देवाला हाक मारल्याशिवाय त्याचा खोकला पुरा व्हायचा नाही.

खोलीत कोणी नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या घरातून ओरडा आला, चौकार असावा. मी मनाची समजूत घातली की टीव्हीचाच आवाज असेल.

कामाला लागलो. भिंतीला भोक शनिवारीच पाडून ठेवलं होतं. पाइप त्या भोकातून पलीकडच्या लाकडाच्या कोठारात जाणार, तिथल्या तुकड्याला जोडला जाणार, आणि तिथून मागच्या गल्लीत. हे काम दोघांचं. एकाने इकडून ढकलायचं, दुसऱ्याने पलीकडे शिडीवर उभं राहून पाइपचं तोंड जोडात बसवायचं. चंदू तीनला येणार होता. तोवर पाइप नुसता सरकवून मापं बघू, असं मी ठरवलं.

आठ इंची पाइप, दहा फूट लांब. अर्ध्याहून जास्त पलीकडे गेला की तो खाली झुकतो. मी तो खांद्यावर घेऊन हळूहळू सरकवत होतो.

अचानक पाइप हलका झाला.

पलीकडून कोणीतरी वजन घेतलं होतं.

ठक्.

"चंदू? आलास होय रे लवकर?"

उत्तर नाही. तोंडाला मास्क असणार, मी म्हटलं.

ठक्... ठक्.

माझे हात आपोआप चालले. पाइप मागे ओढून त्याच्या टोकाला सोल्युशन, म्हणजे चिकटवायचं द्रावण, लावलं आणि परत पलीकडे ढकलला. लेव्हल ठेवून बघितली, बुडबुडा अगदी मधोमध. इतका सरळ पाइप मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

सोल्युशन लावल्यावर पाइप जराही हलवायचा नसतो. हलला तर जोड कायमचा वाकडा, कापूनच काढावा लागतो. म्हणून मी पाइप धरून उभा राहिलो. तीन ठोक्यांची वाट बघत.

आणि खिशातला फोन वाजला.

एका हाताने उचलला. चंदू.

"ॲश्टन भाऊ, सॉरी हां, मॅच बघत बसलो. वाकोल्यालाच आहे अजून. निघतो आता."

"मग कोठारात कोण आहे?"

"कोठारात? त्याला तर कुलूप आहे ना मागच्या गल्लीतून. चाव्या तुमच्याकडेच आहेत."

चाव्या माझ्या खिशात होत्या. मांडीला टोचत होत्या.

आणि मग मला दुसरी गोष्ट कळली...

एक ठोका म्हणजे धरलंय. दोन म्हणजे ढकल. तीन म्हणजे बसलं, आता सोड. ही खूण चंदूला माहीतच नव्हती. ती माझी आणि अर्बनची. वर्कशॉप टाकायच्या आधी चार वर्षं अर्बन माझ्याबरोबर डक्टच्या कामावर यायचा. मशिनींच्या आवाजात हाका पोचायच्या नाहीत, म्हणून आम्ही पाइपवर ठोकायचो. बाकी कोणाला ती आम्ही कधी शिकवली नाही.

पाइपचं उघडं तोंड माझ्या कानाशी होतं.

त्यातून श्वास ऐकू येत होता... घरघरणारा.

मी पळालो नाही. हे शौर्य म्हणून सांगत नाही. पाइप सोडला तर पुन्हा एकदा त्याचं काम अर्धवट टाकून गेल्यासारखं होईल, एवढंच डोक्यात होतं.

"अर्बन," मी पाइपमध्ये म्हटलं. "माझं चुकलं रे. मी यायला पाहिजे होतं."

मी पाइपच्या तोंडाला कान लावला.

"ऐकतोयस ना? चुकलं माझं. ठोक ना रे तीनदा."

बाहेर विकेट पडली असावी. सगळं गावठाण एकदम गप्प झालं. इतकं, की माझ्या मनगटावरचं घड्याळ मला ऐकू येत होतं.

सोल्युशनला पाच मिनिटं पुरतात. मी पाऊण तास धरून उभा होतो. हात बधिर झाले, आणि शेवटी आपोआप सुटले. पाइप जागच्या जागी राहिला.

मागे जाऊन कोठार उघडलं. आत कोणी नव्हतं. पण शिडी... जी मी शनिवारी जमिनीवर आडवी ठेवली होती... ती पाइपखाली उभी होती. पायऱ्यांवर भुशाचा थर तसाच, बोट न लागलेला.

चंदू आला. त्याला मी काही बोललो नाही. बाकीचा पाइप दोघांनी लावला, पंखा जोडला. सहाच्या सुमाराला बटण दाबलं.

खोलीतला बावीस वर्षांचा वास हलला. अर्बनचा ॲप्रन खिळ्यावर फडफडला.

आणि स्टुलापाशी कोणीतरी खोकलं... दोन बारीक ठसके.

मग लांब खोकला आला, तो डोक्यावरच्या पाइपमधून... मग भिंतीपलीकडून, कोठारातून...

"सायबा" आलं ते अगदी लांबून. मागच्या गल्लीतून.

मग फक्त पंख्याचा आवाज.

"शेजारी कोणीतरी आजारी दिसतंय," चंदू म्हणाला आणि हत्यारं गोळा करून बाहेर गेला.

मी वळलो. दारात बेटीवहिनी उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

"गेला?" तिने विचारलं.

मी वरच्या पाइपकडे बघितलं.

"ऑगस्टपासून रोज दुपारी, चंदू जेवायला गेला की, इथे खोकायचा रे," ती म्हणाली. "मी बाहेर पायरीवर बसून ऐकायची. कोणाला सांगितलं नाही, म्हणाले असते वेडी झाली. तेवढंच राहिलं होतं ना माझ्याकडे. म्हणून तुला नको नको म्हणत होते."

"मग लावायला का सांगितलंस, वहिनी?"

"शुक्रवारी चंदू असा खोकला, असा खोकला, बसूनच गेला खाली. मी अर्बनला सांगितलं, बघ, याची पोरं लहान आहेत. लावूया ना डक्ट? तर त्या दुपारी तो एकदापण खोकला नाही. मी समजले, हो म्हणतोय."

तिने तो पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. त्याच्या सरळपणाकडे बघत राहिली.

"तुम्ही दोघं पाइपवर ठोकायचात ना? अर्बन सांगायचा हसत हसत. आज ठोकलं त्याने?"

"हो."

"तीन?"

मी तिच्याकडे बघितलं. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलत होती.

"हो वहिनी. तीन."

तिने डोळे पुसले. "मग झालं," म्हणाली, आणि खिळ्यावरचा ॲप्रन काढून, घडी घालून घरी घेऊन गेली.

चंदूचा खोकला दोन महिन्यांत गेला. पंखा रोज सकाळी वहिनी स्वतः चालू करते. त्या खोलीत पुन्हा कोणी काही ऐकलेलं नाही.

मी मात्र अजून जातो. दर रविवारी, पंखा बंद असताना. त्या जोडाखाली पाइपवर हात ठेवून उभा राहतो. एकदा चंदूने विचारलं, काय चेक करता भाऊ? लीकेज, म्हटलं.

जोड पक्का आहे. त्याला धरायची काही गरज नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

पण त्याने तीनदा ठोकलेलं नाही.