बनशंकरीतले केशरी ठिपके

संगणक विभागाच्या दाराशी चपला-बूट काढावे लागत, म्हणून तो माझ्यासमोर आला तो नुसत्या मोज्यांवर — एक निळा, एक राखाडी. हसू दाबत मी पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं.

शहाण्णव साल होतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं आमचं तीन दिवसांचं प्रदर्शन. आकडे चित्रांतून दाखवायचे होते. बंगळूरच्या सहाशे घरांत जाऊन मी विचारलं होतं, 'घरात भांडता कुठल्या भाषेत?' दर घराचा नकाशावर एक ठिपका. कन्नड हिरवा, तमिळ निळा, तेलुगू पिवळा, मराठी केशरी.

"बनशंकरीत एवढे केशरी?" तो स्वतःशीच मराठीत पुटपुटला.

"तुम्ही मराठी?" मी दचकले. "स्वल्प थांबा, जवळनं दाखवते..."

तो हसला. "मी शार्दूल, नागपूरचा. मित्राचं काम बघायला आलो होतो. आठ महिने बनशंकरीत राहतोय, मराठी शब्द कानावर पडला नाही — आणि तुम्ही तिथं चाळीस घरं मराठीत भांडायला लावलीत!"

माझे कान तापले. नकाशाला हसला, की मधेच घुसलेल्या माझ्या कन्नड 'स्वल्प'ला? आम्ही तीनशे वर्षं इथले. आमचं मराठी हे असंच.

"माझं मराठी चुकत असेल. नकाशा नाही," मी म्हटलं.

"मराठी कुठं चुकलं..." तो म्हणत होता, पण तेवढ्यात शाळकरी मुलींचा घोळका आत शिरला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. ऑफिसातून अर्धा दिवस सुटी घेऊन!

"मल्लेश्वरमातला हा एकटा केशरी ठिपका कुणाचा?"

"आमचा."

"तिथं कोण भांडतं?"

"मीच. रोज. सुप्रीता नाव माझं, विचारा कुणालाही."

तो पुन्हा हसला. मला राग यायला हवा होता... मग तो गेल्यावर मी दाराकडे का बघत राहिले?

संध्याकाळी हट्टानं बनशंकरीचे फॉर्म काढले. त्याला खोटं पाडायचं होतं. टाइप करताना भाषेच्या नावाऐवजी आकडा घालायचा: मराठीचा चार, तेलुगूचा पाच. त्या एका गठ्ठ्यात मी ते उलटे टाइप केले होते. चाळीसच्या चाळीस घरं तेलुगू.

परीक्षक तिसऱ्या दिवशी, म्हणजे उद्याच, येणार होते. 'पहिला नंबर तुझाच,' असं आमच्या विभागाच्या राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या होत्या. मोठा नकाशा पुन्हा छापायला वेळ नव्हता. आणि चुकीचा संशय आला होता तो फक्त त्याला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी हजर. "मी काही बोलणार नाही," हळूच म्हणाला. "माझीच चूक असेल."

त्यानं वाद घातला असता तर सोपं गेलं असतं. हा चांगुलपणा काय मधेच...

परीक्षक आले. "सर, बनशंकरीचे ठिपके पिवळे हवेत. टाइप करताना माझी चूक झाली," मी सांगून टाकलं.

बक्षीस माझ्या वर्गातल्या उमाकांतच्या रहदारीच्या आलेखाला गेलं. मॅडमनी पाठीवर हात ठेवला, तेव्हा मात्र डोळे भरून आले.

व्हरांड्यात तो उभा होता. "मी तोंड उघडलं नसतं तर..."

"ते राहू द्या. काल का आलात? आज का आलात? आणि मी बोलले की हसता का?"

तो मान खाली घालून म्हणाला, "ऑफिसात हिंदी, दुकानात खुणा. त्यात तुमचं हे मराठी ऐकलं, आणि... थट्टा नव्हती हो. बरं वाटतं ऐकायला. नकाशा तर पहिल्याच दिवशी बघून झाला होता."

बक्षीस गेल्याचं रडू गळ्यातच होतं, आणि वर हे हसू. दोन्ही एकदम कसं यायचं?

"प्रदर्शन तर संपलं," तो म्हणाला. "उद्या... कुठं येऊ?"

"घरी ये," मी म्हटलं, आणि जीभच चावली. 'या' म्हणायचं होतं.

त्यानं चमकून वर पाहिलं. "किती वाजता... येऊ?"

"चारला. आईला सांगून ठेवते."

तो दोन पायऱ्या उतरला असेल नसेल.

"शार्दूल!" मी हाक मारली. "तीनला ये."