बोधगयेच्या वाटेवरचे मुक्काम

“आजोबा, तुमच्या या हिशेबात रात्रच होत नाही!” मिनलने पेन्सिल आपटली. “डिझेल आहे, टोल आहे, आजीची औषधं आहेत, चहासुद्धा आहे! पण राहायचं कुठे?”

“त्याची सोय झालीय,” भिवाआजोबा म्हणाले आणि त्यांनी लांबलचक जांभई दिली.

मिनल आणि तिचा धाकटा भाऊ आयुष दिवाळीच्या सुट्टीत सांगवीहून निघोज्याला आले होते ते मजा करायला. पण आजोबांनी आल्या आल्या त्यांना खर्चाचा अंदाज काढायला बसवलं. पुढच्या आठवड्यात आजोबा आणि सोजरआजी, दोघंच, जुन्या व्हॅनने थेट बोधगयेला निघणार होते. आजोबांचा उभा जन्म चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करण्यात गेला, आणि आजीचा त्या शिफ्टचे डबे करण्यात. रिटायर झाल्यावर आजीने एवढं एकच मागितलं होतं. पैसे मोजकेच होते. उसने काढणार असाल तर मी येत नाही, हेही तिने बजावलं होतं.

आणि एक विचित्र गोष्ट होती. दुपारचं जेवण झालं की आजोबा रोज व्हॅन घेऊन गायब व्हायचे. परत यायचे ते लाल डोळ्यांनी, कंबर धरून.

“गाडी तपासायला जातो,” ते म्हणायचे.

“रोज? कुठली गाडी एवढी तपासतात?” आयुष कुजबुजला.

“महाळुंग्याच्या रस्त्याला वळतात. मी पाहिलंय!” शेजारची दिव्या म्हणाली. झालं! दुसऱ्या दिवशी तिघांच्या सायकली व्हॅनच्या मागे निघाल्या.

ऊन असं, की सायकलचं हँडल चटके देत होतं. कंटेनर धूळ उडवत जात होते. व्हॅन तर केव्हाच दिसेनाशी झाली.

“पाय गळाले माझे! हेर लोक सायकलवर का जातात?” आयुष धापा टाकत म्हणाला.

“हेर लोक एवढी कुरकुर करत नाहीत!” मिनलने दम भरला, पण दम तिलाही लागला होता.

अखेर कंपन्यांजवळच्या मोकळ्या मैदानात, ट्रकांच्या रांगेत व्हॅन दिसली. उघड्या दारातून दोन पाय बाहेर आले होते. आत मागच्या सीटवर आजोबा अंगाची घडी करून पडले होते, घामाने निथळत.

“आजोबा!”

आजोबा दचकून उठले आणि टपाला डोकं आपटलं.

“आजीला सांगू नका,” ते डोकं चोळत म्हणाले. “लॉजचं भाडं परवडत न्हाई. आमी गाडीतच झोपणार हाय. ट्रकच्या गोंगाटात झोप लागती का, बघत होतो.”

“मग लागली?” आयुषने विचारलं.

“एक दिवस बी न्हाई.”

त्यांचा चेहरा इतका थकलेला होता, की कुणालाच हसू आलं नाही.

“आजी घरात गादीवरसुद्धा रात्रभर कण्हते,” मिनल म्हणाली. “ती सीटवर कशी झोपेल? आणि जागरण करून तुम्ही गाडी चालवणार?”

आजोबा सीटवरून खाली उतरले. “मग जायचं रद्द. पण तिला सांगू कसं?”

मिनलला रडूच फुटायला आलं.

“तुमच्या कंपनीतली माणसं कुठकुठली होती?” दिव्याने विचारलं.

“वर्धा, जबलपूर, सतना... सगळ्या मुलखाची.”

“मग त्यांच्या घरी राहा ना!”

“झोपायला जागा द्या म्हणून कुणापुढं तोंड वेंगाडू? मला न्हाई जमायचं.”

आयुष एकदम उडीच मारून उठला. “मागू नकाच! आमच्या सांगवीच्या चाळीतलं कुणी गावाला निघालं की सगळे काय म्हणतात? ‘आमच्या घरी एवढी पिशवी पोचवा!’ तुम्ही फक्त विचारा, काही पोचवायचंय का? पिशवी घेऊन आलेल्याला कुणी तसंच जाऊ देतं का?”

ते आजोबांना पटलं. हे काही मागणं नव्हतं. त्यांनी कंपनीतल्या जुन्या सोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला, “जयभीम, नमस्कार मंडळी! मी भिवा. वर्धा, जबलपूर, सतन्यावरनं बोधगयेला चाललोय. घरी काही द्यायचं असंल तर आणून द्या!”

आणि माणसांची रीघ लागली! वर्ध्याच्या धनेशने मिक्सर आणला. “काका, मुक्काम केल्याशिवाय आई सोडायची नाही. तसेच पुढे गेलात, तर बोलणी मला खावी लागतील!” सतन्याच्या रामसजीवनने साड्यांचं गाठोडं ठेवलं. “चाचाजी, रात को रुकना पड़ेगा! अम्मा नाराज हो जाएँगी!” जबलपूरवाल्याने तर घरी फोनही लावून दिला.

निघायच्या आदल्या दिवशी व्हॅन टपापर्यंत भरली.

“आता गाडीत झोपायला जागाच न्हाई राहिली की!” आजोबा बोलून गेले.

“गाडीत कोण झोपणार होतं?” मागून आजीचा आवाज आला.

आयुषला गुपित राखता आलं असतं तर तो आयुष कसला! त्याने सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता आजी पायरीवर बसली.

“अवो, मला इचारायचं तरी,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने तिघांना जवळ ओढलं. “तुमच्यापरीस ही पोरं शहाणी!”

“कबूल!” आजोबांनी हात जोडले.

“जन्मभर ह्यांच्या शिफ्टचा डबा केला,” आजी म्हणाली. “आता रोज सांजंला कुणीतरी मला ताट वाढणार, अन् मी अंग पसरून झोपणार. बोधगया चार दिस उशिरा आली तरी चालंल मला!”

आजोबा व्हॅनकडे गेले आणि मिक्सरचं खोकं मागे सरकवून पुढच्या सीटपाशी आजीच्या पायांसाठी जागा करू लागले.