टाचेतला न सापडलेला काटा

स्वराली मावशीच्या उजव्या टाचेत एक काटा होता, आणि तो भलताच चमत्कारिक होता. सकाळी मावशीनं पलंगावरून पाय खाली टेकला की तो कच्चकन बोचायचा. "आई गं!" करत मावशी भिंत धरायची आणि मोरीपर्यंत लंगडत जायची. पण घरात चार फेऱ्या झाल्या की काटा शहाण्या बाळासारखा गप्प! दुपारी जेवून मावशी जरा टेकली आणि पुन्हा उठली की परत कच्च!

आता तुम्हीच सांगा, चाललं की बोथट होणारा आणि बसलं की धार चढणारा काटा कधी पाहिलाय का? मावशीच्या भाचीनं, सुरंगीनं, तरी पाहिला नव्हता. तिच्या पायात बाभळीचा काटा गेला होता, बोरीचा गेला होता, एकदा तर साळिंदराचा गेला होता (असं ती स्वतःच सांगायची). एकही असा वागला नव्हता.

एरवी या काट्याकडे कुणी लक्ष दिलं नसतं. पण ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून चंद्रावर यानं जायची. यान उडालं की हादऱ्यानं गावातले नारळ आपोआप सोलले जाऊन खाली पडायचे. चंद्रावरच्या वस्तीतली माणसं नळीतलं जेवण चोखून चोखून इतकी कंटाळली, की शेवटी त्यांनी तांदळाच्या मऊ, जाळीदार घावण्यांसाठी संप केला! आणि घावणे म्हटलं की यानतळाच्या खानावळीत तवा सांभाळणारी स्वराली मावशी. तिची निवडही झाली. राहिली होती फक्त एक चाचणी. यानतळावर झोपायचं, पहाटे भोंगा वाजला की उठायचं आणि भोंगा थांबायच्या आत, अजिबात न लंगडता, दाराबाहेर यायचं. चंद्रावर भोंगा म्हणजे धोका, तिथं भिंत धरून "आई गं" करायला वेळ नसतो.

चाचणी दिवाळीनंतर होती. आत्ता श्रावण चालू होता. आणि माझी मावशी चंद्रावर चाललीय, हे सुरंगीनं अख्ख्या शाळेला सांगून टाकलं होतं.

"काटा आहे ना? मग काढून टाकतो," स्वयंपाकघरातला यंत्रमानव चिमटेराव म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांना चिमटे होते. भाकऱ्या उलटण्यासाठीच होते ते, पण त्या दिवशी तो ते परजत मावशीच्या मागं लागला.

"अरे मेल्या, सोड माझा पाय! बाबा, आवरा याला!"

बाबा म्हणजे सुरंगीचे शार्दूल आजोबा. आयुष्यभर त्यांनी यानांचे पाय बनवले होते, म्हणजे चंद्रावर यान ज्यावर टेकतं ते. आजोबा चहा बशीत ओतून मजा बघत राहिले.

चिमटेरावानं डोळ्यांतले क्ष-किरण (शरीराच्या आतली हाडं दाखवणारे अदृश्य किरण) मावशीच्या पायांवर टाकले. "सापडला! टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूला टोक आलंय!"

मावशीनं पटकन पाय साडीखाली ओढून घेतले. "म्हणजे कापायचं?"

"हो. दोन्ही पायांचं कापू. डाव्या टाचेतही तस्सं टोक आहे."

"पण डावी टाच तर दुखतच नाही!" सुरंगी ओरडली.

आजोबांनी बशी खाली ठेवली. "शाबास! असं टोक कितीतरी जणांच्या टाचेत असतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. चोर दुसराच आहे. सुरंगे, परवा सायकलवरून पडलीस ना? गुडघा दाखव बघू."

गुडघ्यावर खपली होती.

"रात्री पाय दुमडून झोपतेस. सकाळी सरळ केलास की काय होतं?"

"खपली तडकते. जाम दुखतं."

"आणि हळूहळू सरळ केलास तर?"

सुरंगीचे डोळे एकदम मोठे झाले. "मावशीच्या पायाच्या आत खपली आहे?"

"खपलीच नाही, पण तसलंच काहीसं." आजोबांनी बांबूची कांब वाकवली आणि तिच्या दोन टोकांना सुतळी बांधली. झालं धनुष्य. "आपल्या तळव्याची हाडं अशी कमानीसारखी असतात. आणि ही सुतळी म्हणजे पादपट्टा (टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला चिवट पट्टा). आता कमानीवर पाय दे."

सुरंगीनं पाय दिला. कमान दबली आणि सुतळी ताठ झाली.

"मावशी दिवसभर अनवाणी, कडक फरशीवर उभी. पट्टा सारखा ताणला जातो आणि टाचेपाशी, जिथं तो हाडाला चिकटतो, तिथं कुरतडल्यासारखा होतो. रात्री झोपेत पंजा खाली झुकतो, पट्टा आणि पोटरी आखडतात. सकाळी मावशी धाडकन उभी राहिली की—"

"कच्च!" मावशी आणि सुरंगी एकदमच म्हणाल्या.

"आणि चार पावलांत तो सैल होतो, म्हणून काटा गप्प बसतो. पण दिवसभर राबवला की संध्याकाळी पुन्हा ठणकतो."

"मग उपाय?" मावशीनं विचारलं.

"पाय टेकण्याआधी त्याला जागं करायचं. पलंगावर बसूनच बोटांना ओढणी अडकवायची आणि पंजा हळूच आपल्याकडे ओढायचा. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. थंड पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. घरातसुद्धा मऊ, टाचेला आधार देणारी चप्पल घालायची. आणि तव्यापुढं उभं राहणं थोडं कमी."

"म्हणजे उद्या बरं वाटेल?"

"काही महिने लागतील."

"वा! तुमचं विज्ञान चंद्रावर पोचतं, आणि माझ्या टाचेपर्यंत यायला त्याला महिने?"

गावातल्या डॉक्टरीणबाईंनीही टाच दाबून तेच सांगितलं. वर बजावलं, "सूज आली, पाय बधिर झाला किंवा रात्री पडल्या पडल्याही दुखलं, तर मात्र लगेच या."

मग रोज सकाळी सुरंगी मावशीच्या उशाशी पहाऱ्याला बसू लागली. गणपतीपर्यंत काटा निम्मा झाला. मावशी इतकी खूश झाली की गौरीपुढं तिनं अशी फुगडी घातली, की पंख्याशिवाय घरभर वारा सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा हजर! पहिल्यापेक्षा तिखट.

"चिमटेराव, काप बाबा ते टोक," मावशी रडवेली होऊन म्हणाली. "माझं काही जाणं होत नाही."

"चिमटे खाली!" सुरंगी मध्ये उभी राहिली. "मी खपली खाजवली की तू मला काय म्हणतेस, मावशी? पुन्हा पहिल्यापासून. म्हणतेस ना? घे ओढणी."

मावशीनं नाक पुसलं आणि ओढणी घेतली.

चाचणीच्या पहाटे सुरंगी आणि आजोबा काचेबाहेर उभे होते. भोंगा वाजला. पण मावशी उठलीच नाही! ती शांतपणे पलंगावर बसली, पायाच्या बोटांना ओढणी अडकवली आणि पंजा हळूच ओढला. भोंगा किंचाळत होता. "मावशी, ऊठ गो!" सुरंगी काचेवर हात आपटत होती. मावशीनं पुन्हा एकदा पंजा ओढला, चपलेत पाय सरकवले आणि ती उभी राहिली. भुवई जराशी आक्रसली, तेवढंच. मग घावण्याची थाळी घेऊन निघाल्यासारखी, ताठ मानेनं ती दाराबाहेर आली. भोंगा त्यानंतर थांबला.

तपासनीस फडतरेसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, पलंगावर बसून काय करत होतात?"

"काटा काढत होते, साहेब."

"निघाला?"

"नव्हताच मुळी!"

साहेबांनी कागदावर शिक्का मारला. मग इकडेतिकडे बघून हळूच स्वतःची डावी टाच उचलली. "ते ओढणीचं जरा पुन्हा दाखवता का?"

चंद्रावर गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली ओढणारी ताकद) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकंच. तिथं टाचेवर भारही तेवढाच. पण मावशीनं ओढणी सोबत नेलीच, कारण परत तर इथंच यायचंय. आता म्हणे तिथं सकाळी आधी सगळी वस्ती पंजे ओढते आणि मगच घावणे वाढले जातात.

सुरंगीनं एका सकाळी मावळता चंद्र पाहिला. तोही जरा ताणल्यासारखा लांबट दिसत होता, असं ती अगदी शपथेवर सांगते.