कपिलेनं चाटलेलं पुस्तक

मुरुमच्या शांतलिंग बाइंडरनं चाळीस वर्षं शाळांची हजेरीबुकं शिवली, पोथ्यांना पुठ्ठे चढवले. पण जळकोटच्या बलभीम गुरुजींनी आणलेलं पुस्तक हाती आलं नि त्याची बोटं आखडली.

"कातडं हाय व्हय हे?"

"वासराचं. दोनशे वर्षांचं. पणजोबांना एका गोऱ्या डॉक्टरनं दिलेलं. उन्हानं वळलंय बघा."

कव्हर पापडासारखं वळलं होतं, पानं शिवणीतून सुटली होती. लिंगायताच्या घरात वासराचं कातडं! पण शांतलिंगानं त्याला कपाळ टेकलं नि काम घेतलं.

घरी वेगळंच दुःख होतं. कपिला गाईचं वासरू चार दिवसांमागं दगावलेलं. गाय वैरणीला तोंड लावीना, पान्हा सोडीना. आणखी दोन दिवस असेच गेले तर गाय हाती लागत नाही, असं गुरांचा डॉक्टर सांगून गेला होता.

"त्याच्या कातड्यात भुसा भरून गाईपुढं ठिवा की," वासरू गेलं त्याच दिवशी शेजारची बानूबाई म्हणाली होती. "गाय फसती. समदे तसंच करत्यात."

"ज्याला हातानं पाजलं, त्याचं भुसकट करू?" शिवकांतानं नवऱ्याकडं बघितलं. "अहो, पुरून टाका त्याला."

पुरलं.

शांतलिंगानं पानं शिवली, खळ लावली. आता कातडं सावकाश ओलवून सरळ करायचं होतं. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाची भट्टी पेटलेली. गारवा काय तो गोठ्यात. त्यानं पुस्तक ओल्या गोणपाटात गुंडाळून गव्हाणीच्या कडेला ठेवलं नि भिंतीला टेकला. भरदुपारी डोळा लागला, तिथंच चुकला गडी.

खर्र. खर्र. आवाजानं जाग आली.

गोणपाट खाली पडलेलं. कपिला पुस्तक चाटत होती.

तो बोंबलायला उठला, नि तसाच वाकून बघू लागला. जीभ फिरेल तसं कातडं सरळ होत होतं. सुरकुती म्हणून राहिली नाही.

कपिलेच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं.

मग तिनं मान वळवली नि कडबा ओढला.

शिवकांता धावत आली. तिनं कव्हरावर तळवा ठेवला, नि तो तिथंच राहिला.

"अहो, ऊबदार लागतंय."

शांतलिंगानं हात जोडले. गुरुजींकडून मजुरी घेतली नाही; उलट सुताराकडून पुस्तकाच्या मापाची सागवानी पेटी करवून दिली, सुताचीही ढिलाई न ठेवता. तेव्हापासून शिवकांता रोजची पहिली धार पुस्तकाच्या नावानं सोडते. "त्यानं गाय राखली," म्हणते. खोटं वाटत असेल तर मुरुमात जाऊन विचारा.

दिवाळीत गुरुजींचा फोन आला.

"शांतलिंगप्पा, पुस्तक पेटीत बसंना. चार बोटं वाढलंय."

"मोठी पेटी करून देतो, गुरुजी. आमच्यावर उपकार हायत त्याचे."

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"करताना झाकणाखाली जागा सोडा," गुरुजी हळूच म्हणाले. "कव्हराला वरच्या अंगाला दोन टेंगळं आलीत. जोडीनं."